खुर्च्या उचलण्यापलीकडे : वस्तीतल्या संस्था आणि स्वयंसेवक

१३ एप्रिलच्या रात्री कोणत्याही बौद्ध वस्तीत जाऊन पाहा. कुणी कमानीवर चढून निळे झेंडे बांधत असतो, कुणी विहाराची फरशी धूत असते, कुणी खिरीच्या दुधाचा हिशेब करत असते. बारा वाजता फटाके फुटतात तेव्हाही यातले निम्मे लोक कामातच असतात. मजुरी कुणी मागत नाही. त्याच वस्तीत जूनच्या दुसऱ्या आठवड्यात जा. विहाराच्या वरच्या मजल्यावरची अभ्यासिका बंद असते, कारण किल्ली ज्याच्याकडे होती तो मुलगा पुण्याला कामाला गेला आणि दुसऱ्या कुणाला किल्ली द्यायची हे ठरलेच नव्हते.

आम्ही वस्तीपातळीवर समाजकार्य करणारी मंडळी. विहार समित्या, अभ्यासिका, महिला मंडळे, शिष्यवृत्तीचे फॉर्म भरून देणारी छोटी केंद्रे यांच्यासोबत काम करताना हा फरक आम्हाला पुन्हा पुन्हा दिसला. आपल्याकडे हातांची टंचाई नाही. पण एका रात्रीसाठी लागणारे हात आणि वर्षभरासाठी लागणारी माणसे, या दोन्हींसाठी आपण एकच पद्धत वापरतो : हाक मारायची. हाकेवर रात्र निघते, वर्ष निघत नाही. स्वयंसेवक हा संस्थेच्या कामाचा पाया मानायचा असेल तर इमारत, निधी आणि कार्यक्रम यांचा जसा आधी विचार होतो, तसा त्यांच्या कामाचाही आधी विचार झाला पाहिजे. तो कसा करावा, यासाठी हा लेख.

स्वयंसेवक कोणाला म्हणायचे?

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ मध्ये स्वयंसेवी कामाच्या मोजमापाची एक पुस्तिका काढली. तिच्यातल्या व्याख्येचा मथितार्थ असा : मोबदला न घेता, सक्ती नसताना, स्वतःच्या घराबाहेरच्या माणसांसाठी दिलेला वेळ. तीन अटी आहेत आणि तिन्ही महत्त्वाच्या आहेत. घरातल्या बाईने विहारातल्या पन्नास माणसांचा स्वयंपाक केला तर ते स्वयंसेवी काम आहे. पण 'आपल्या घरातूनच जेवण जाईल' असे नवऱ्याने समितीत परस्पर सांगून टाकलेले असेल, तर दुसरी अट तिथेच मोडली.

आपल्या चळवळीत 'कार्यकर्ता' हा शब्द जास्त मानाचा. 'स्वयंसेवक' म्हटले की काहींना वेगळ्याच शाखेची आठवण होते, म्हणून तो शब्द टाळणारेही आहेत. समता सैनिक दलाने तर 'सैनिक' हा शब्द घेतला. शब्द कोणताही वापरा, पण कार्यकर्ता आणि स्वयंसेवक यांच्यात एक फरक आम्ही करतो. कार्यकर्ता चोवीस तास विचाराशी बांधलेला असतो. स्वयंसेवक आठवड्यातले ठरावीक तास देतो आणि उरलेल्या वेळात तो विद्यार्थी असतो, डिलिव्हरीची नोकरी करतो, लहान मुलाची आई असते. प्रत्येकाकडून कार्यकर्त्याची अपेक्षा ठेवली की दोन तास देऊ शकणारा माणूस लाजून दूर राहतो. आपण गमावतो ते बहुतेक असेच लोक.

आणखी एक सीमारेषा. जे काम रोज, ठरलेल्या वेळी, जबाबदारीने करावे लागते आणि ज्यावर कुणाचे पोट अवलंबून असायला हवे, ते काम 'सेवा' म्हणून फुकट करून घेणे हे शोषण आहे. याचे उदाहरण दूर शोधायला नको. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात आशा सेविका आल्या. कागदावर त्या मानसेवी स्वयंसेविका आहेत, म्हणून त्यांना पगार नाही, कामागणिक मोबदला मिळतो. याच व्याख्येविरुद्ध महाराष्ट्रातल्या आशांनी अनेकदा संप केले. त्या संपांना आपण पाठिंबा देतो. मग आपल्याच संस्थेत अभ्यासिका रोज दहा तास सांभाळणाऱ्या बेकार पदवीधराला 'समाजाचे ऋण फेड' असे सांगताना थोडे थांबले पाहिजे. रोजचे दहा तास ही नोकरी आहे. तिला मानधन द्या, नाहीतर ते काम पाच जणांत वाटा.

आपली परंपरा हाकेची नव्हती

महाडच्या सत्याग्रहाचे चित्र आपल्या डोळ्यांसमोर येते ते बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतात त्या क्षणाचे. २० मार्च १९२७. त्या क्षणाच्या मागे काय होते ते आपण कमी सांगतो. अनंतराव चित्रे, सुरबानाना टिपणीस आणि स्थानिक मंडळी परिषदेपूर्वी तयारीला लागली होती, कार्यकर्ते कुलाबा जिल्ह्यातली गावे फिरत होते. परिषदेला पाणी लागणार आणि तळ्याचे पाणी तर घेता येत नाही, म्हणून ४० रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. डिसेंबरच्या दुसऱ्या परिषदेला गावात जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थाने आपली जागा दिली. व्यापाऱ्यांनी व्यवहार बंद केला म्हणून दहा दिवस पुरेल एवढे धान्य आधीच भरून ठेवावे लागले. कुणीतरी माणशी किती धान्य लागेल याचा हिशेब केला असणार. त्या माणसांचा पुतळा कुठेही नाही.

२ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ महिला होत्या आणि त्यांना मंदिराच्या चार दरवाजांवर नेमून दिले होते. बाकीचे नाव नोंदवून पाळीची वाट पाहत होते. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली हा लढा १९३५ च्या आसपासपर्यंत टिकला. तुकड्या, पाळ्या आणि नोंदी नसत्या तर इतकी वर्षे कुणी दारात बसू शकले नसते. पुढे २० जुलै १९४२ रोजी नागपुरात महिलांची परिषद आणि समता सैनिक दलाची परिषद एकाच दिवशी झाल्या, हाही योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा तपशील नाही.

१९५६ चे उदाहरण तर आजच्या कोणत्याही 'इव्हेंट'वाल्याला घाम फोडणारे आहे. दीक्षेचे स्थळ आणि तारीख बाबासाहेबांनी २३ सप्टेंबरला जाहीर केली. समारंभ १४ ऑक्टोबरला. मध्ये तीन आठवडे. नागपूरच्या भारतीय बौद्धजन समितीचे वामनराव गोडबोले आणि त्यांचे सहकारी, समता सैनिक दलाचे सैनिक आणि वस्तीवस्तीतले लोक यांनी लाखोंच्या समुदायाची सोय केली. मैदान, मंडप, पाणी, बाहेरगावहून येणाऱ्यांची उतरण्याची जागा. मोबाइल नव्हता, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप नव्हता.

दुसऱ्या दिवशीच्या भाषणात बाबासाहेबांनी धम्मासाठी उत्पन्नाचा विसावा हिस्सा देण्याची अपेक्षा व्यक्त केली होती. पैशाच्या संदर्भात हे आपण अनेकदा सांगतो. वेळेला तोच हिशेब लावून पाहा. झोप वजा जाता आठवड्यात सुमारे ११२ तास उरतात. त्यांचा विसावा भाग साडेपाच तास. नोकरदार माणसालाही अशक्य वाटू नये इतकाच.

दब्ब मल्लपुत्ताची गोष्ट

धम्माच्या परंपरेत याहून जुना धडा आहे. विनयपिटकात दब्ब मल्लपुत्त नावाच्या तरुण अर्हताची कथा येते. त्याने संघाची सेवा करावी असे मनात आणले आणि बाहेरून येणाऱ्या भिक्खूंची निवासव्यवस्था व भोजनाची वाटणी हे काम मागून घेतले. संघाने ते रीतसर, सगळ्यांच्या समोर, ठराव करून त्याला दिले. अशा कामाला माणूस कसा असावा हेही विनयात येते : लोभ, द्वेष, मोह आणि भय यांच्या आहारी जाऊन पक्षपात न करणारा, आणि कुणाला काय दिले, काय द्यायचे राहिले हे जाणणारा. म्हणजे चारित्र्य आणि हिशेब, दोन्ही.

पुढचा भाग अधिक उपयोगाचा आहे. मेत्तिय आणि भुम्मजक या भिक्खूंना निकृष्ट भोजन मिळाले. त्यांनी गैरसमज करून घेतला की हे दब्बाचेच काम, आणि त्याच्यावर गंभीर खोटा आरोप घडवून आणला. प्रकरण कुजबुजीत राहिले नाही. संघासमोर चौकशी झाली, दब्बाला थेट विचारले गेले आणि आरोप करणाऱ्यांचा खोटेपणा उघड झाला. वाटप करणाऱ्यावर आरोप होतो, हे अडीच हजार वर्षांपासून चालत आले आहे. वर्गणीची वही ज्याच्या हातात असते त्याला हे सांगायला नको. नाव घेऊन दिलेले काम, सगळ्यांसमोर दिलेला अधिकार आणि तक्रारीची उघड चौकशी, या तीन गोष्टी नसतील तर प्रामाणिक माणूस पहिल्याच आरोपात घरी बसतो.

लोक सोडून का जातात : आमचा एक अनुभव

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी आम्ही अभ्यासिका सुरू करायला मदत केली. जयंतीच्या उत्साहात वहीत तीसेक नावे आली. जूनपर्यंत त्यातले निम्मे दिसेनासे झाले आणि दिवाळीत दोघे उरले. तेव्हा आम्हीही 'आजकालची पोरं' असा सूर लावला होता. समाजशास्त्राची पदवी घेऊनही माणूस असे बोलतो. नंतर लाज वाटून आम्ही वही घेऊन घरोघर गेलो आणि विचारले.

एका मुलाने सांगितले, तीनदा आलो, तिन्ही वेळा शटर बंद होते. दुसरा म्हणाला, मला फोन येईल असे सांगितले होते, तो आलाच नाही. पलीकडच्या गावातून येणाऱ्या एकाला एसटीचे भाडे परवडत नव्हते, पण ते सांगायचे कसे, म्हणून त्याने 'अभ्यास आहे' असे कारण दिले होते. एक मुलगी बी.एस्सी. झालेली, गणित उत्तम. तिला पहिल्या दिवशी चहाचे कप धुवायला लावले, दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना फुले द्यायला उभे केले. तिसऱ्या दिवशी ती आली नाही. तिची आई म्हणाली, "विहारात संडास नाही, आणि सात वाजता दिवा नसलेल्या गल्लीतून पोरीला एकटी कशी पाठवू?" हे आमच्या कुठल्याच आराखड्यात नव्हते. एक वयस्कर मामा मात्र थेट बोलले. सगळे ठरल्यावर आम्हाला बोलावता, ठरवताना नाही.

एवढ्या उत्तरांत विचारधारेबद्दलची तक्रार एकही नव्हती. कुणाचीच बाबासाहेबांवरची निष्ठा कमी झालेली नव्हती. आणि आमची चूक अशी की सगळ्यांना आम्ही 'काय करायला आवडेल?' असे मोघम विचारले, उत्तर वहीत लिहिले आणि वही कपाटात ठेवली.

मग कामाचे तुकडे केले. बी.एस्सी.वाल्या मुलीने आठवीचे गणित घेतले : फक्त गुरुवार, साडेपाच ते सात, आणि घरी जाताना दोघींनी सोबत जायचे. किल्ली एका निवृत्त कंडक्टर काकांकडे आणि दुसरी समोरच्या किराणा दुकानात. बँकेत काम करणाऱ्या एका ताईंनी महिन्यातून दोन रविवार महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचे अर्ज भरून द्यायचे ठरवले. ज्याला भाडे परवडत नव्हते त्याला ते वर्गणीतून मिळू लागले, सगळ्यांसारखीच वहीत सही करून. संडासाला मात्र वर्ष लागले. तीस नावे परत आली नाहीत. अकरा आली आणि ती टिकली.

काम कसे आखावे

कामाचे वर्णन अर्ध्या कागदावर लिहिता आले पाहिजे : काय करायचे, कोणत्या वारी, किती वेळ, किती महिने, अडचण आली तर कोणाला विचारायचे. लिहिता येत नसेल तर ते काम अजून आपल्यालाच कळलेले नाही. नाव दिलेल्या माणसाला आठवड्याच्या आत पहिले काम मिळाले पाहिजे, छोटे का होईना. आणि नवा माणूस जुन्यासोबत जोडीने. एकटा पाठवला की तो एकटाच परततो.

मुदत ठेवा. राष्ट्रीय सेवा योजनेत विद्यार्थी वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचे शिबिर करतो. आपली असंख्य मुले-मुली हे करून आलेली असतात. तिथे त्यांना ठाऊक असते की हे कधी संपणार. आपल्याकडे एकदा हो म्हटले की सुटका नाही, म्हणून लोक हो म्हणायलाच घाबरतात. सहा महिन्यांनी सन्मानाने थांबता येते हे कळले की थांबणारे कमी होतात, असे आम्ही पाहिले आहे.

खिशातला खर्च हा मोबदला नाही. बसभाडे, मोबाइलचा डेटा, झेरॉक्स हे संस्थेने द्यावे. न दिल्यास स्वयंसेवा ही फक्त बऱ्या परिस्थितीतल्यांची मक्तेदारी होते आणि रोजंदारीच्या घरातली मुलगी आपोआप गाळली जाते.

शिकलेल्या लोकांकडे जायला संकोच नको. २०११ च्या जनगणनेत बौद्धांचा साक्षरता दर ८१ टक्क्यांवर होता, देशाचा सुमारे ७३. नोकरदार, शिक्षक, नर्स, वकील, संगणकवाले आपल्यात आहेत. त्यांच्याकडे आपण जातो ते फक्त पावतीपुस्तक घेऊन. वकिलाकडे देणगी मागण्यापेक्षा महिन्यातून दोन तास जात पडताळणीच्या कागदांसाठी मागा. देणगीही मग बहुधा येते.

कायद्याच्या दोन गोष्टी प्रत्येक समितीला माहीत हव्यात. पहिली : कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा 'कर्मचारी' या शब्दात विनामोबदला, स्वेच्छेने काम करणाऱ्यांनाही धरतो. दहा किंवा अधिक माणसे जिथे काम करतात तिथे अंतर्गत समिती नेमणे बंधनकारक आहे. 'आपल्याकडे सगळे भाऊ-बहीणच' हे उत्तर कायद्यात बसत नाही, आणि अनुभवातही बसत नाही. दुसरी : अभ्यासिकेत अठराखालची मुले येतात, म्हणून पॉक्सो कायदा, २०१२ लागू होतो. अत्याचाराची माहिती असूनही पोलिसांना न कळवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. समितीने 'घरातच मिटवू' म्हणणे म्हणजे स्वतः गुन्ह्यात सामील होणे. मुलांसोबत कधीही एकटा प्रौढ नको, दार उघडे, दोन माणसे. हा नियम कुणावर संशय म्हणून नव्हे तर सगळ्यांसाठी सारखा, म्हणजे दब्बासारख्या निर्दोष माणसाचेही रक्षण होते.

सत्ता कोणाकडे

सगळ्यात अवघड मुद्दा हा. अमेरिकेतल्या स्त्रीवादी जो फ्रीमन यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला एक निबंध लिहिला होता. त्यांचे म्हणणे असे की रचना नसलेली संघटना नसतेच. लिखित रचना नसेल तर मैत्री, नाते, ओळख यांची अलिखित रचना चालते आणि तिला जाब विचारता येत नाही. आपल्या कितीतरी विहार समित्यांचे हे अचूक वर्णन आहे. 'आमच्यात कुणी मोठा-छोटा नाही' असे म्हणणाऱ्या समितीत पंधरा वर्षे तेच अध्यक्ष असतात.

वंदनेला रोज येतात त्या बहुतेक बाया. वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ग्रंथाचे वाचन त्याच टिकवून ठेवतात, भोजनदान त्यांच्याच घरातून येते. विश्वस्तांच्या यादीत त्या किती? आपापल्या विहाराची यादी काढून पाहावी. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानुसार विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. अनेक ठिकाणी तो वर्षानुवर्षे दिलेलाच नसतो आणि कागदावर मृत माणसे विश्वस्त असतात. हा कारकुनी प्रश्न नाही. नव्या माणसाचे नाव कागदावर चढत नाही, म्हणजे त्याला बँकेत सही नाही, म्हणजे निर्णय नाही.

एक वर्ष सलग काम केलेल्या स्वयंसेवकांतून दोन जागा, त्यातली एक महिलेची, समितीत राखून ठेवाव्यात असे आम्ही प्रत्येक ठिकाणी सुचवतो. बहुतेक ठिकाणी पहिल्यांदा नकार येतो. 'पोरं अजून लहान आहेत.' ही पोरे पंचविशीतली असतात, घर चालवत असतात.

सुरुवात कधी करावी

आमच्या मते वर्षावास ही सर्वांत चांगली वेळ. आषाढ पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा, तीन महिने. लोक विहारात येतच असतात, मुदत आपोआप ठरलेली असते. सुरुवातीला दोनच कामे निवडा, समजा आठवड्यातून दोन दिवस अभ्यासिका आणि दोन रविवार अर्ज केंद्र. आषाढ पौर्णिमेला वंदनेनंतर कामे आणि नावे सगळ्यांसमोर जाहीर करा.

वर्षावास संपताना भिक्खूसंघात पवारणा होते. प्रत्येक भिक्खू संघाला विनंती करतो की माझा काही दोष पाहिला, ऐकला किंवा त्याची शंका आली असेल तर सांगा. आणि ही विनंती सर्वांत ज्येष्ठ भिक्खू आधी करतो. समितीची आढावा बैठक आम्ही त्याच क्रमाने घ्यायला सांगतो : पहिल्यांदा अध्यक्षांनी उठून विचारायचे, मग सचिवांनी, खजिनदारांनी हिशेबाची वही मध्ये ठेवून, आणि शेवटी स्वयंसेवकांनी. एका ठिकाणी पहिल्याच बैठकीत अध्यक्षांनी विचारल्यावर बराच वेळ कुणी बोलेना. मग दहावीतली एक मुलगी म्हणाली, "काका, रविवारी तुम्ही मीटिंग लावता तेव्हा आम्हाला अभ्यासिकेतून उठवता." पुढच्या रविवारपासून मीटिंग खाली सभागृहात होऊ लागली.